नाशिकच्या गच्चीवरून बाह्यग्रहाचं अधिक्रमण टिपता येतं का? आलेखात पायरी आली आहे

सिडको_गच्ची

साहित्य: ८ इंची एफ/५ न्यूटोनियन, दोन्ही अक्षांना मोटर असलेलं ईक्यू-५ माउंट, कॅननचा साधा डीएसएलआर, लॅपटॉप. जागा सिडकोतल्या इमारतीची गच्ची, उत्तरेला पाण्याची टाकी. लक्ष्य एचडी १८९७३३ बी, म्हणजे एचडी १८९७३३ या ताऱ्याचा ग्रह. तो ताऱ्यापुढून जातो (अधिक्रमण) तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, तोच खड्डा आलेखात पकडायचा आहे.

५ ऑक्टोबरला संध्याकाळी ७ ते १०:३० सलग फोटो. आयएसओ ८००, १० सेकंद, फोकस सुईच्या टोकासारखा. आलेखात बिंदू ३-४ टक्के वरखाली नाचतात. ७:५० ला उजेड एकदम ३ टक्क्यांनी उतरला आणि शेवटपर्यंत खालीच राहिला. ग्रह २.४ टक्के उजेड अडवतो असं वाचलं आहे. मग हाच तो ग्रह का?

आणखी दोन शंका. याच साहित्यावर पृथ्वीएवढा ग्रह सापडेल का? आणि के२-१८ बी या दुसऱ्या एका ताऱ्याच्या ग्रहावर जीवसृष्टीचा वायू सापडल्याच्या बातम्या येतात, ते मोजमाप आपल्या या मोजमापापेक्षा नेमकं किती वेगळं असतं?

जुना_भिंगवाला

ग्रह नाही, माउंटची पलटी आहे.

हा तारा नाशिकहून जवळजवळ डोक्यावरून जातो. आपला अक्षांश २०, ताऱ्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) +२२.७, म्हणजे मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना तो ८७ अंशांवर असतो. ५ ऑक्टोबरला ही वेळ ७:४० च्या आसपास येते. त्यानंतर तुमच्या ईक्यू-५ सारखं जर्मन माउंट दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला फिरवतं आणि चित्र १८० अंशांत उलटतं. जो तारा सेन्सरच्या डाव्या कोपऱ्यात होता तो उजव्यात जातो. एफ/५ ला कोपऱ्यांत उजेड कमी पोचतो आणि फ्लॅट (सारख्या उजेडाचे फोटो, ज्यांनी कोपऱ्यांचा अंधार दुरुस्त होतो) लावलेले नसले की तुलनेचे तारे (त्याच चौकटीतले शेजारचे तारे) आणि मुख्य तारा यांचं गुणोत्तर त्या क्षणी उडी मारतं. ग्रहाचा उतार असा कड्यासारखा नसतो. चकती ताऱ्यावर पूर्ण सरकायला या ग्रहाला पंचवीस-एक मिनिटं लागतात, मग सपाट तळ, मग तसाच चढ. सगळं मिळून सुमारे १ तास ५० मिनिटं. तुमचा उजेड पावणेदोन तासांनी परत आला नाही, तिथेच उत्तर मिळतं.

उपाय सोपा आहे. तारा मध्यमंडल ओलांडून गेल्यावरच सुरुवात करा, दुर्बीण खांबाच्या पूर्वेला आणि तोंड पश्चिमेला. १५ ऑक्टोबरला तो ७ वाजताच ओलांडतो, त्यामुळे ७:१५ पासून सलग मोजता येतं. १० वाजता तो ४८ अंशांवर असतो आणि पावणेअकराला ३८ वर. त्याखाली जाऊ नका.

आता बिंदू का नाचतात ते. ७.७ प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), ८ इंची आरसा, १० सेकंद आणि टोकदार फोकस म्हणजे मधले पिक्सेल ठार भरलेले. भरलेल्या पिक्सेलला उजेड कमी झालेला कळतच नाही. कळतो तो फक्त कडेच्या पिक्सेलना, आणि ते हवेच्या थरथरीने दर फोटोत बदलतात. फोकस मुद्दाम बिघडवा. तारा २५ ते ३० पिक्सेल रुंद कडं दिसला पाहिजे (न्यूटोनियनमध्ये दुय्यम आरशाचं भोक मधे दिसतंच, त्याला घाबरू नका). आयएसओ १०० किंवा २००, एक्स्पोजर ४५ ते ६० सेकंद. कॅननच्या १४ बिट फाइलमध्ये कमाल १६३८३ असते आणि काळ्याची पातळी बहुतेक मॉडेलमध्ये २०४८ च्या आसपास. सर्वांत उजळ पिक्सेल १०,००० च्या वर जाऊ देऊ नका, पुढे तो प्रमाणात वाढत नाही.

लांब एक्स्पोजरचं दुसरं कारण ताऱ्याचं लुकलुकणं. ८ इंची दुर्बिणीला डोक्यावरच्या ताऱ्यासाठी १० सेकंदांत साधारण ०.२५ टक्के चूक एकट्या लुकलुकण्याने येते, ६० सेकंदांत ०.१ टक्के. तारा ३० अंशांवर उतरला की हीच चूक तिपटीहून जास्त.

कॅमेऱ्यात ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद आहे ना ते पाहा. चालू असेल तर प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ काळी फ्रेम काढण्यात जातो आणि निम्मी रात्र वाया. जेपेग नको, रॉ हवं. बॅटरीऐवजी डमी बॅटरी लावून वीज बाहेरून द्या. मधेच बॅटरी बदलायला कॅमेऱ्याला हात लागला की तारा दुसऱ्या पिक्सेलवर, आणि आलेखात पुन्हा पायरी.

ध्रुव_वीस_अंश

वरच्या उत्तरात संरेखनाचं, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याचं, राहिलं. उत्तरेला टाकी म्हणजे ध्रुव तारा झाकलेला असणार. आपल्याकडे तो जेमतेम २० अंश वर असतो, शहरात बहुतेक गच्च्यांची हीच रड. होकायंत्रावर माउंट लावून काम भागत नाही. ध्रुवाच्या दिशेत फक्त ५ कलांची चूक असली तरी तारा तासाला ८० विकलांपर्यंत सरकतो (६० कला म्हणजे एक अंश, ६० विकला म्हणजे एक कला). तुमच्या १००० मिमी नाभीय अंतराला एक पिक्सेल सुमारे ०.९ विकलांचा पडतो, म्हणजे तासाला जवळजवळ ९० पिक्सेल. साडेतीन तासांत तारा सेन्सरवर ३०० पिक्सेल चालतो, वाटेतला प्रत्येक धुळीचा कण आलेखात उमटवत.

ध्रुवाशिवाय संरेखन असं करा. आधी दक्षिणेला, मध्यमंडल आणि विषुववृत्त यांच्या छेदाजवळचा तारा धरा. तो उत्तर-दक्षिण सरकत असेल तर माउंट आडवं, म्हणजे दिगंशात, फिरवा. मग पूर्वेला २५-३० अंश उंचीचा तारा धरा. तो सरकत असेल तर माउंटचा कल, म्हणजे उन्नतांश, बदला. पाच मिनिटं सरकला नाही की दोन्ही पुन्हा एकदा तपासा. जमिनीवर खडूने तिपाईच्या पायांच्या खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी अर्धा तास वाचतो. गाइड कॅमेरा (तारा जागेवर धरून ठेवणारा दुसरा कॅमेरा) मिळाला तर फारच उत्तम.

८ इंची न्यूटोनियन आणि कॅमेरा हे ईक्यू-५ साठी वजनाच्या काठावरचं ओझं आहे. गच्चीचा कठडा वाऱ्याला आडवा घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आठ-नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो, तिपाईखाली संध्याकाळी बादलीभर पाणी मारलं तर फरक पडतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा.

फ्लॅटबद्दल: नळीच्या तोंडाला पांढरा बनियन ताणून बांधायचा, सूर्यास्तानंतरच्या आकाशाकडे रोखायचं, २५-३० फोटो. अट एकच, नंतर मोजणी करताना असतो तोच फोकस आणि कॅमेऱ्याची तीच दिशा असली पाहिजे. फोकस बिघडवून नॉबचा स्क्रू घट्ट करा आणि मगच फ्लॅट घ्या.

निफाड_रात्र

हंगामाचं गणित मी मांडतो, कारण नाशकात खरी अडचण तीच आहे. आपला तारा ज्यात आहे तो जंबुक तारकासमूह रात्रभर दिसतो तो जुलै-ऑगस्टला, तेव्हा आपण ढगाखाली. त्यामुळे दोनच खिडक्या. पहिली, परतीचा पाऊस सरल्यावर साधारण १० ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, संध्याकाळी. दुसरी, एप्रिलअखेर ते मे, पहाटे. मेच्या मध्यात तारा पहाटे ५ ला डोक्यावर येतो, म्हणजे दीड ते पाच मोजणी, आणि पलटीचा प्रश्नच नाही.

या ग्रहाची फेरी २.२१८५७ दिवसांची, म्हणजे २ दिवस ५ तास १५ मिनिटं. लागोपाठची अधिक्रमणं म्हणून दिवसा-रात्री कुठेही पडतात. पण ९ फेऱ्या १९.९७ दिवसांत होतात. एखाद्या संध्याकाळी ९ ला मध्य मिळाला तर २० दिवसांनी तो ८:१३ ला पुन्हा मिळतो. अख्ख्या ऑक्टोबरात धड संध्याकाळी पडणारी दोन-तीनच येतात, त्यातली एक ढग खाणार हे धरून चाला. नेमक्या वेळा स्वार्थमोर कॉलेजच्या ट्रान्झिट फाइंडरवर मिळतात, अक्षांश २०.० उत्तर आणि रेखांश ७३.८ पूर्व घाला. अधिक्रमणाच्या आधी पाऊण तास आणि नंतर पाऊण तास सपाट रेषा मिळालीच पाहिजे, नाहीतर खड्डा किती खोल ते कशाच्या तुलनेत सांगणार?

दव. ऑक्टोबरात धरणाच्या किंवा गोदेच्या बाजूला नऊनंतर दव पडतं. न्यूटोनियनचा मुख्य आरसा नळीत खोल असतो म्हणून वाचतो, दुय्यम आरशावर आणि गाइडस्कोपवर धुकं धरतं. आलेख हळूहळू खाली वाकत गेला आणि तुलनेचे तारेही सोबत अंधुक झाले तर दव समजा. गरम पट्टा लावा.

लक्ष्मीपूजनाची रात्र सोडूनच द्या. फटाक्यांचा धूर सगळीकडे सारखा असता तर तुलनेच्या ताऱ्यांनी भागाकार करून निघून गेला असता, पण तो पुंजक्यांनी सरकतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी पडली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, तेव्हाही हाच प्रकार.

शहरातल्या दिव्यांची मात्र इतकी काळजी करू नका. ७.७ प्रतीच्या ताऱ्याला सिडकोचं आकाश चालतं, चंद्रही चालतो. अंजनेरी किंवा पेठच्या बाजूला जायची गरज १२ व्या प्रतीच्या ताऱ्यांना पडते. हिवाळ्यात डब्ल्यूएएसपी-४३ बी हा दुसरा ग्रह करून पाहा असं कोणी सांगेल: खड्डा २.५ टक्के, वेळ सव्वा तासाच्या आत, फेरी १९.५ तासांची. कागदावर छान. पण तारा १२.४ प्रतीचा, म्हणजे पाऊणशे पटीने कमी उजेड. त्याला डीएसएलआर सोडून थंड केलेला कृष्णधवल कॅमेरा हवा.

जुना_भिंगवाला

तुलनेच्या ताऱ्यांवर थोडं. एचडी १८९७३३ शोधायला सोपा आहे, डंबेल नेब्युलाच्या (एम २७) पूर्वेला पाव अंशावर, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या अंतरावर. पण त्याच्या आसपास त्याच्याइतका उजळ तारा तुमच्या चौकटीत (साधारण १.३ बाय ०.८५ अंश) मिळणं कठीण. म्हणून ८.५ ते १० प्रतीचे चार-पाच तारे घ्या आणि त्यांची बेरीज तुलनेला धरा. रंग पाहा. आपला तारा के वर्गाचा, नारिंगी आहे. निळसर तारा तुलनेला घेतला तर दोघं खाली उतरताना हवा निळा प्रकाश जास्त खाते आणि आलेख तिरका होतो. आणि पार्श्वभूमी (ताऱ्याभोवतालच्या रिकाम्या आकाशाचा उजेड) मोजायचं कडं डंबेलवर पडत नाही ना ते पाहा, नवख्यांची ही चूक ठरलेली.

त्या बेरजेतला एक तारा बाहेर काढून त्याचाच आलेख बाकीच्यांशी काढा. तो सपाट आला नाही तर ग्रहाचा आलेखही खोटा.

दुर्बिणीऐवजी २०० मिमी एफ/२.८ ची लेन्स लावली तर चौकट सव्वासहा अंशांहून रुंद होते आणि तुलनेला हवे तसे तारे मिळतात. लुकलुकण्याची चूक दुप्पट होते, तरी मिनिटाला ०.२ टक्के. २.४ टक्क्यांच्या खड्ड्यापुढे ती काहीच नाही. माउंटवरचं ओझं जातं, वारा लागत नाही. पहिल्या प्रयत्नाला मी लेन्सच सुचवेन.

फोटोंतून फक्त हिरवा चॅनल वेगळा काढा. मोजणीला ॲस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. कड्याच्या बाहेर चार-पाच पिक्सेल जाईल एवढं मोजणीचं वर्तुळ ठेवा, आणि सगळ्या फोटोंना तेच.

वेळ: लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटशी जुळवून घ्या, कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबू नका. फाइलमध्ये भारतीय वेळ आणि सॉफ्टवेअरला वाटतंय यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ही साडेपाच तासांची चूक फार जण करतात. शेवटी सगळं बॅरिसेंट्रिक ज्युलियन दिनांकात (सूर्यमालेच्या केंद्रावरून मोजलेल्या वेळेत) बदला, कारण पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यावर प्रकाश ८ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो.

वर्णपट

पृथ्वीएवढ्या ग्रहाचं सांगतो.

सूर्याची त्रिज्या पृथ्वीच्या १०९ पट. खड्डा त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढा, म्हणजे ०.००८४ टक्के. वर्षातून एकदा, १३ तास. शिवाय कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत असण्याची शक्यता २१५ मध्ये एक. तुमची एका फोटोतली चूक ०.२ टक्के धरली तर ती या खड्ड्याच्या २४ पट आहे. हजारो फोटोंची सरासरी काढून चूक कमी करू असं वाटतं, पण हवा, दव, पिक्सेल यांच्या चुका यादृच्छिक नसतात, त्या एका पातळीखाली उतरत नाहीत. म्हणूनच केप्लर दुर्बीण अंतराळात पाठवावी लागली.

तारा लहान असेल तर मात्र चित्र पालटतं. कुंभेतला ट्रॅपिस्ट-१ हा तारा जेमतेम गुरूएवढा आहे. पृथ्वीएवढा ग्रहही त्याचा ०.७ टक्के प्रकाश अडवतो, आणि चिलीतल्या ला सिला इथल्या फक्त ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने त्याचे पहिले ग्रह पकडले. २०१७ पर्यंत संख्या सातावर गेली. तुमच्या ८ इंचीला अडसर खोलीचा नाही, उजेडाचा आहे. दृश्य प्रकाशात तो १८.८ प्रतीचा, म्हणजे एचडी १८९७३३ पेक्षा सुमारे २७,००० पट मंद.

आता जीवसृष्टी. तुम्ही मोजता तो सगळ्या रंगांचा मिळून एक खड्डा. अंतराळातली वेब दुर्बीण तोच खड्डा शेकडो तरंगलांबींवर वेगवेगळा मोजते. ज्या तरंगलांबीवर हवेतला वायू प्रकाश शोषतो तिथे ग्रह किंचित मोठा दिसतो, खड्डा किंचित खोल. किती किंचित, ते हवेच्या थराच्या जाडीवर ठरतं. पृथ्वीच्या हवेची प्रमाणउंची (जेवढं वर गेल्यावर हवेचा दाब सुमारे एक तृतीयांश उरतो ते अंतर) ८.५ किमी. एचडी १८९७३३ बी ची सुमारे २०० किमी, कारण तो ९०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला आणि हवा हायड्रोजनची. तिथे कोणी राहत नाही, पण मोजायला तो सोन्यासारखा. उलट सूर्यासमोरच्या पृथ्वीच्या हवेची खूण दशलक्षात एक भाग एवढीच पडते, वेबची मजल दशलक्षात दहा-वीस भागांपर्यंत. म्हणजे हुबेहूब दुसरी पृथ्वी आज कुठे असली तरी तिची हवा या पद्धतीने वाचता येत नाही. म्हणून सगळे ट्रॅपिस्ट-१ सारख्या लहान, मंद लाल बटू ताऱ्यांकडे वळतात.

तिथे वेगळाच ताप. हे तारे डागाळलेले आणि भडकणारे. डागांमध्ये पाण्याची वाफ असते, ग्रहाची म्हणून ताऱ्याचीच वाफ मोजली जाऊ शकते. ट्रॅपिस्ट-१ चे आतले दोन ग्रह, बी आणि सी, २०२३ मध्ये वेबने तपासले: बी वर हवेचा मागमूस मिळाला नाही, सी वर शुक्रासारखी दाट हवा नाही.

सिडको_गच्ची

पलटीचं पटलं, फाइलींच्या वेळा तपासल्या, उडी बरोबर पलटीच्या पुढच्या फोटोत आहे. पिक्सेलही १६३८३ लाच टेकलेले. के२-१८ बी राहिलं. तिथे वायू सापडला की नाही सापडला?

वर्णपट

दोन वेगळ्या गोष्टी एका मथळ्यात कोंबल्या जातात. २०२३ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने वेबच्या निरीक्षणांतून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. मिथेन बऱ्यापैकी पक्का. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटाने दुसऱ्या उपकरणावर डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या भावंड वायूची खूण दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांकडून येतो, म्हणून गाजावाजा.

खूण ३ सिग्माची आहे (सिग्मा म्हणजे खात्रीचं माप, जितके जास्त तितकी ती योगायोगाने येण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. इतर गटांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने सोडवली तेव्हा खूण विरली किंवा दुसऱ्या रेणूंनीही भागली. त्यात हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, तिथे प्लवक नाहीत. म्हणजे तो खरोखर असला तरी जीवच हवा असं नाही. ग्रह पृथ्वीच्या २.६ पट रुंद आणि ८.६ पट जड, १२४ प्रकाशवर्षांवर. खाली समुद्र आहे की जाड हायड्रोजनखाली वितळलेला खडक, यावरच एकमत नाही. माझं मत विचाराल तर एकट्या वायूवर कधीच विश्वास ठेवू नये. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र दिसले तर गोष्ट वेगळी, कारण ते एकमेकांना संपवतात आणि दोघंही टिकलेत म्हणजे कोणीतरी सतत पुरवठा करतंय.

तुमच्या मोजणीशी तुलना: के२-१८ बी चा खड्डा ०.३ टक्क्याच्या आत, तारा १३.५ प्रतीचा, फेरी ३३ दिवसांची. नाशिकच्या रात्रीत पडणारं अधिक्रमण वर्षात मोजकं, आणि पडलं तरी तुमच्या बिंदूंच्या नाचात बुडेल.

जाता जाता, पुण्याच्या वाटेवर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. त्यांनी याच एचडी १८९७३३ बी कडून रेडिओ लहरी येतात का ते पाहिलं होतं. ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असेल तर गुरूसारखा खरखराट यायला हवा. काही ऐकू आलं नाही.

जुना_भिंगवाला

आलेख जमला की त्रिज्या काढा. खोली ०.०२४, वर्गमूळ ०.१५५. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७८ पट, गुणाकार ०.१२१ सूर्य. एक सूर्यत्रिज्या ९.७३ गुरूंची, म्हणजे ग्रह १.१८ गुरू. छापील आकडा १.१५ च्या आसपास आहे, ताऱ्याची कड मधल्या भागापेक्षा मंद असते त्याची दुरुस्ती केली की तिकडे सरकतो. खड्ड्याच्या तळाशी छोटा उंचवटा आला तर चूक समजून पुसू नका. हा तारा स्वतः डागाळलेला आहे, ग्रह डागावरून गेला की असा फुगवटा येतो. मात्र तो तुमच्या तपासणीच्या ताऱ्यातही दिसला तर ढग.

वेळ बरोबर असेल तर आलेख एक्सोक्लॉक या संकेतस्थळावर चढवा. युरोपची बाह्यग्रहांसाठीची एरियल अंतराळ मोहीम ग्रहांच्या वेळा ताज्या ठेवायला छोट्या दुर्बिणींची मोजणी तिथूनच घेते. पण आधी रॉ फाइलींमधली पलटीनंतरची वेगळी काढून फक्त तेवढ्यांचा आलेख इथे टाका. पिक्सेल भरलेले असल्यामुळे ग्रह त्यात दिसणार नाही, तुलनेचे तारे एकमेकांशी किती सपाट आहेत तेवढं कळेल.